उपास, उपासमार आणि केडगाव

मराठीत भुकेसाठी किती वेगवेगळी क्रियापदं आहेत बघा. आपण उपास 'धरतो' आणि 'सोडतो'. चुकून काहीतरी तोंडात गेलं तर तो 'मोडतो'. कामाच्या रगाड्यात जेवायलाच मिळालं नाही तर उपास 'घडतो'. वैद्याने सांगितलं तर ते लंघन, मागणीसाठी केलं तर उपोषण, आणि घरात दाणाच नसला तर उपास 'पडतात' किंवा 'काढावे लागतात'. त्याला आपण उपासमार म्हणतो.

एवढ्या सगळ्या शब्दांत एक जागा मात्र रिकामी आहे. घरात अन्न आहे, पोटात भूक आहे, व्रत नाही, वैद्याचा सल्ला नाही, कुणाशी भांडण नाही, आणि तरीही हात ताटाकडे जात नाही. किंवा दिवसभर जात नाही आणि रात्री एकदा गेला की थांबत नाही. याला आपल्याकडे घरगुती शब्दच नाही. 'खाण्याचे विकार' हा अगदी वर्तमानपत्री अनुवाद झाला. शब्द नाही म्हणून ती गोष्टही नव्हती असं मात्र मला वाटत नाही.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे सध्या जो तो घड्याळाकडे बघून जेवतोय. सोळा तास उपास, आठ तासांत जेवण. कुणी दिवसातून दोनदा, कुणी एकदाच. यातलं पथ्य कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो, असा प्रश्न लोक डॉक्टरांना विचारतात, विचारायलाही हवा. पण मला तो इतिहासालाही विचारावासा वाटतो. आणि त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. पुण्याच्या पूर्वेला शिरूर आणि दौंड हे दोन तालुके आहेत. पावसाने कायम हुलकावणी दिलेला हा मुलूख. आता कालव्याच्या पाण्यावर ऊस डोलतो, दौंडच्या बाजूला गुऱ्हाळांची धुराडी दिसतात, रांजणगावला कारखाने आहेत. पण भूक म्हणजे काय हे या मातीने फार जवळून पाहिलंय.

पुण्याहून दौंडकडे जाताना रेल्वेचं केडगाव स्टेशन लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन ते इथलंच. रमाबाई (१८५८-१९२२) म्हटलं की आपल्याला संस्कृत पांडित्य, धर्मांतर, टिळकांशी झालेला वाद आणि शारदा सदन आठवतं. मला मात्र त्यांचं सगळं आयुष्य भुकेच्या अंगाने वाचावंसं वाटतं.

वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. सगळं कुटुंब तीर्थक्षेत्री फिरायचं, पुराणं सांगायचं, लोक देतील त्यावर राहायचं. व्रतं, स्नानं, उपास हा रोजचा क्रम. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि हे कुटुंब त्यात सापडलं. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवलंय की सुरुवातीला गाठीला पैसा होता. पण देवाला प्रसन्न करून घेण्यासाठी दानधर्म, अनुष्ठानं, पूजा यांत तो गेला. मग दागिने, मग भांडी. शेवटी काहीच उरलं नाही तेव्हा ती सगळी रानात गेली आणि अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडील थकले होते, आंधळे झाले होते. भीक मागायची नाही आणि दुसरं कोणतं काम येत नाही, तेव्हा त्यांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. ते टळलं, पण पुढे काही काळातच आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले, आणि चालत चालत १८७८ला कलकत्त्याला पोचले.

(रमाबाई हे लिहितात तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या आहेत, १८८३चा बाप्तिस्मा, आणि जुन्या देवांनी हाक ऐकली नाही हे त्यांना दाखवायचंय, हे लक्षात ठेवूनच वाचावं लागतं. पण त्या अकरा दिवसांबद्दल शंका घ्यायला मला काही कारण दिसत नाही.)

मला यात सारखी खुपणारी गोष्ट ही की त्या कुटुंबाचा उपास नेमका कोणत्या दिवशी उपासमार झाला, हे सांगताच येत नाही. पोट तेच, रिकामं राहणंही तेच. आदल्या सोमवारी ते पुण्य होतं आणि पुढच्या सोमवारी मरण. उपासाची सवय असलेल्या घराला आपण उपाशी मरतो आहोत हे कळायला उशीर झाला असेल का? हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

पुढे १८८७ला अमेरिकेत रमाबाईंनी 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात विधवेच्या जेवणाचा नियम दिलाय: चोवीस तासांत एकदाच जेवायचं, आणि घरातल्या मेजवान्यांत सामील व्हायचं नाही. आज ज्याला 'वन मील अ डे' म्हणतात, तेच हे. शास्त्रातलं त्याचं नाव एकभुक्त.

इथे जरा शास्त्रात डोकावू, कारण गंमत आहे. देवगिरीच्या यादवांच्या दरबारातल्या हेमाद्री पंडिताने तेराव्या शतकात व्रतांवर मोठा थोरला ग्रंथ रचला, आणि विसाव्या शतकात भारतरत्न पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या सगळ्या व्रतांची छाननी केली. त्यात आजचे सगळे 'प्लॅन' सापडतात. दिवसातून एकदाच जेवायचं ते एकभुक्त. दिवसभर थांबून रात्री जेवायचं ते नक्त. मागितल्याशिवाय मिळेल तेवढंच खायचं ते अयाचित. एक दिवस उपास आणि एक दिवस जेवण म्हणजे चातुर्मासातलं धारणं-पारणं. चांद्रायणात तर घास चंद्राच्या कलेबरोबर वाढवायचे आणि कमी करायचे. अमावास्येला उपास, पौर्णिमेला पंधरा घास आणि परत उतरत यायचं, तर त्याला यवमध्य म्हणतात, कारण ते मधे फुगीर, जवासारखं. याच्या उलट, म्हणजे मधे अमावास्या आली तर पिपीलिकामध्य, मुंगीच्या कमरेसारखं बारीक. ज्याने ही नावं ठेवली त्याला विनोदबुद्धी असणार!

पण ग्रंथकारांनी जेवढी मेहनत उपास कसा धरावा यावर घेतलीय, तेवढीच तो कसा सोडावा यावर घेतलीय. पारण्याशिवाय व्रत पुरं होत नाही. एकादशी केली तर द्वादशीला ठरल्या वेळी जेवलंच पाहिजे. उत्साहाच्या भरात आणखी एक दिवस ताणला तर पुण्य वाढत नाही, व्रत बिघडतं. सोळा सोमवार म्हणजे सोळाच, सतराव्याला उद्यापन, त्यात चार माणसं जेवायला. एकादशीचं बंधन आठ वर्षांखालच्या मुलांना नाही, ऐंशीच्या पुढच्यांना नाही. पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही. आजाऱ्याने दुसऱ्याकडून करवून घ्यावं अशीही सोय आहे. म्हणजे हे लिहिणाऱ्यांना माहीत होतं की उपास या वस्तूला कुंपण लागतं. ते नसेल तर माणूस वाहवत जातो.

आता परत विधवेच्या एकभुक्ताकडे येऊ. त्याला उद्यापन कुठे होतं? नव्हतंच. तारीख नाही, पारणं नाही, पंगतीत जागा नाही. नाव व्रताचं आणि आत जन्मठेप. आठ-नऊ वर्षांच्या बालविधवेलाही तेच. मला वाटतं रमाबाईंना हा फरक वडीलधाऱ्या शास्त्र्यांपेक्षा चांगला कळला होता, कारण त्यांनी दोन्ही पाहिलं होतं.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, सुमारे तीनशे. पुण्यात तेव्हा प्लेग आणि त्याचे निर्बंध. केडगावला घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभं राहिलं. त्यानंतर १९००च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुली आल्या आणि संख्या दीड हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती केली, दळण-कांडण, विणकाम, छापखाना. ज्या बाईने अकरा दिवस झाडपाला खाल्ला होता, ती रोज दीड हजार ताटांचा हिशेब बघत होती. आमच्या शाळेच्या पुस्तकांत हे वाक्य नव्हतं, असायला हवं होतं.

किती खाल्लं म्हणजे पुरे, हा प्रश्न या भागात सरकारनेही एकदा सोडवायला घेतला होता, आणि फार वाईट सोडवला. १८७६-७८च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी कमी केली. जानेवारी १८७७पासून दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास धान्य, आणि वर जुजबी पैसे. आणि काम काय, तर खडी फोडायची आणि माती वाहायची. मुंबई इलाख्यात हजारो मजूर ही मजुरी नाकारून कामावरून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, सरकारकडे पत्रांमागून पत्रं पाठवली. १८७८ला सुरू झालेली दौंड-मनमाड रेल्वे त्या काळातली, तिचं मातीकाम अशाच दुष्काळी मजुरांनी केलं. गाडी दौंडला थांबते तेव्हा वडापाव खाताना हे कुणाच्या मनात येत नाही, यायचं कारणही नाही.

आणि याच दशकात, १८७३ साली, लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग हे दोन डॉक्टर एका नव्या रोगाचं वर्णन करत होते. खात्यापित्या घरातल्या तरुण मुली खाणं सोडतात, वाळत जातात, आणि आपल्याला काही झालेलं नाही असं म्हणतात. गल यांनी त्याला अॅनोरेक्सिया नर्व्होसा असं नाव दिलं. त्याआधी चारच वर्षं, १८६९ला, वेल्समधली सारा जेकब ही बारा वर्षांची मुलगी वारली होती. ती काही न खाता जगते अशी ख्याती होती, लोक दर्शनाला यायचे, भेटी द्यायचे. खरंखोटं करायला लंडनहून परिचारिका आल्या आणि रात्रंदिवस पहारा बसला. मुलगी काही दिवसांत गेली. आईवडिलांना शिक्षा झाली. पहारा देणाऱ्यांना आणि दर्शनाला येणाऱ्यांना नाही. त्याआधीच्या काळात अशा मुलींना संत म्हणायचे. सिएनाची कॅथरीन १३८०ला तेहतिसाव्या वर्षी गेली, अन्न जवळजवळ बंद करून. तिच्यावर आणि तिच्यासारख्या बायकांवर १९८०च्या दशकात इतिहासकारांनी बरंच लिहिलं, आणि ती भक्ती होती की आजार यावर त्यांचं काही एकमत झालं नाही.

आपल्याकडे कॅथरीन नव्हत्या का? असणार. पण आपल्याकडे कडक उपासाला इतकी दाद मिळते की आजार त्याच्या आड सहज लपतो. 'हरतालिकेला पाणीसुद्धा प्यायली नाही हो पोरगी!' हे वाक्य कौतुकानेच म्हटलं जातं. आधी संकष्टी, मग गुरुवार, मग शनिवार, मग चातुर्मासात एक वेळ, असे वार वाढत जाणारं घर तुम्हालाही माहीत असेल. कुणी विचारत नाही, कारण धर्माला कोण हटकणार? लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपल्या वडिलांचं सोवळ्याचं वेड सांगितलंय. बाजारातून आलेली प्रत्येक जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत ते गेलं होतं. लक्ष्मीबाई सांगतात हसत हसत, पण त्या घरातल्या पोरांची आबाळ त्या हसण्यातून दिसल्याशिवाय राहत नाही. त्याला तेव्हा सगळे सोवळंच म्हणत होते.

उलट ज्याला आपण हसतो तो साधा उपास मला जास्त शहाणा वाटतो. एकादशी आणि दुप्पट खाशी, यात चूक काय? शिरूर तालुक्यातलं रांजणगाव अष्टविनायकांपैकी एक, आणि दौंडहून भीमा ओलांडली की सिद्धटेक, तेही अष्टविनायकांतलं. त्यामुळे या पट्ट्यात संकष्टीचं महत्त्व मोठं, अंगारकीला तर रांजणगावला रांगच रांग. संकष्टीचं पारणं चंद्रोदयाला. ती वेळ ना भक्त ठरवतो, ना त्याचं वजन. ती आकाशात ठरते आणि १९७३पासून कालनिर्णयात छापून येते. मधे साबुदाण्याची खिचडी. (त्यातला एकही मुख्य पदार्थ हेमाद्रीला माहीत नव्हता! साबुदाण्याचा टॅपिओका, बटाटा, शेंगदाणा, मिरची हे सगळे अमेरिका खंडातून आलेले. तरी ते उपासाला चालतात आणि आपली भुईतली ज्वारी चालत नाही. असो.) आणि रात्री मोदक, वरणभात, अख्खं घर एकत्र.

वारीचंही तसंच. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून जाते, यवत, वरवंड हे तिचे मुक्काम. यवतला गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी घालतं, त्यासाठी ते गाव प्रसिद्ध आहे. जे लोक आषाढी एकादशीच्या उपासासाठी चाललेत, त्यांना वाटभर लोक खाऊ घालतात. उपास एक दिवसाचा, जेवणं अडीच-तीन आठवड्यांची. १९६५ला लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळ जेवण सोडायला सांगितलं आणि सोमवारी रात्री घरोघरी चुली बंद राहिल्या, तोही उपास असाच, सगळ्यांचा मिळून आणि एका ठरावीक वेळेपुरता.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ला अॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला होता. छत्तीस धडधाकट तरुण स्वेच्छेने आले आणि सहा महिने त्यांना रोज साधारण १६०० कॅलरी दिल्या. वजन पाव भागाने उतरलं, ते अपेक्षितच होतं. अनपेक्षित होतं ते मनाचं. ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताट तासन्‌तास पुरवून खाऊ लागले, मित्र सोडले, चिडचिडे आणि उदास झाले. पोटभर मिळायला लागल्यावर काहींना थांबताच येईना. यातला एकही माणूस आधी विकाराचा नव्हता. म्हणजे आधी मन बिघडतं आणि मग जेवण, असंच काही नाही. बराच काळ कमी खाल्लं तर भूकच मन बिघडवते. म्हणून 'माझा ताबा आहे, मी कधीही थांबू शकते' या वाक्यावर फार विसंबू नये. हे म्हणणाऱ्या मुलीचा ताबा सुटलेला असेल, तर तिला ते आतून कळेलच असं नाही.

आजच्या पद्धतींबद्दल माझा राग नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांनी (१९५४-२००४) मांडलेली दोन वेळच जेवायची कल्पना डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर नेली आणि पुष्कळांची वजनं खरोखर उतरली. २०१६ला योशिनोरी ओसुमींना पेशी स्वतःचे जुने भाग कसे पचवतात यावर नोबेल मिळालं, ते मूळ काम यीस्टवरचं होतं, पण आपल्याकडे ते एकादशीच्या पुराव्यासारखं फॉरवर्ड झालं. २०२२ला चीनमधल्या १३९ स्थूल लोकांवर वर्षभर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. खाणं सारखंच कमी केलं असेल, तर ते आठ तासांत खा की दिवसभर, वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे घड्याळात जादू नाही, पण काहींना ते सोयीचं पडतं, इतकंच. वाढत्या वयाची मुलं, गरोदर बायका, मधुमेहाची औषधं घेणारे यांनी यात परस्पर पडू नये. आणि महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे हे २०१९-२१चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, तेव्हा घरात सगळ्यात शेवटी आणि उरलेलं जेवणाऱ्या बाईला 'तू पण चालू कर की' असं म्हणण्याआधी दोनदा विचार करावा.

मला खटकतं ते मोबाईलवरचं मोजणं. आज सलग चाळिसावा दिवस, उद्या एक्केचाळिसावा, शाबास, थांबू नका! त्यात द्वादशी नाही. उद्यापन नाही. जेवायला बोलवायची चार माणसं नाहीत, उलट लग्नाचं आमंत्रण आलं की धडकी भरते. विधवेचं एकभुक्त लोकांनी लादलेलं होतं आणि हे आपलं आपण लादलेलं, पण दोन्हींना पारणं नाही. घरात कुणी पंगत टाळायला लागलं, खाल्लेल्याचा हिशेब लपवायला लागलं, एक घास जास्त गेला म्हणून स्वतःला शिक्षा करायला लागलं, मुलीची पाळी चुकायला लागली, तर तिथे संकल्पाचं कौतुक थांबवून डॉक्टर गाठावा. मानसोपचाराचा दवाखाना लांब असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२पासून आहे, मराठीत बोलता येतं.

संकष्टीची एक गोष्ट राहिलीच. पावसाळ्यात कितीतरी वेळा चंद्र दिसतच नाही. रांजणगावच काय, कुठल्याही गावात मग कुणी रात्रभर उपाशी बसत नाही. कालनिर्णयातली वेळ बघतात, ढगाकडे तोंड करून अर्घ्य देतात, आणि आतून हाक येते, पानं वाढलीत, चला.